नवापूरचा हद्दीवरचा शिंपल्यांचा दगड

मी एक जुना दगड आहे, नवापूरच्या किनाऱ्यावरचा. डोंगरातला काळा कातळ नव्हे हं! समुद्रानं वाळू आणि शिंपल्यांचा चुरा थरावर थर अंथरला, चुन्यानं तो घट्ट धरला आणि मी झालो. शाळेत मला गाळाचा खडक म्हणतात. मित्रांनो, नीट पाहिलंत तर माझ्या अंगात शिंपल्या दिसतील.

म्हाताऱ्या पुंडलिकनं मला आणून दोन मुलांच्या मासळी वाळवायच्या जागांमध्ये हद्द म्हणून पुरलं. धाकट्या कमलाकांतनं माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली, हद्द मोडणार नाही. मला केवढा अभिमान वाटला! थोरल्या एकनाथची बायको जमना माझ्यापाशी मासे साफ करायची, मग हाताला लिंबू चोळायची. रस माझ्यावर सांडला की चुन्यामुळे बारीक फेस यायचा. ती हसायची.

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या दिवसांत पुंडलिकमागोमाग एकनाथही वारला. जमना चिंचणीला माहेरी गेली आणि कमलाकांतनं केसानं गळा कापला. मला उपटून, पालथं घालून त्यानं आपल्या दाराची पायरी केली. बांधकामाच्या ट्रकमधून पडलेला काळा दगड जमनाच्या जागेत आत सरकवून पुरला. ज्याचा हात माझ्यावर होता, त्याचेच पाय माझ्यावर आले. फार लागलं मला ते.

जमना परतली तर जागा निम्मी. तिचं पोट त्या मासळीवरच. ती गावातले तंटे सोडवणाऱ्या तात्यांना घेऊन आली.

"भाऊजी, ह्यो आपला दगड नाय. बाबांचा शिंपल्यांचा हाय."

"ह्योच हाय, वयनी. बाबांची आन!"

जमनानं काळ्या दगडावर लिंबू पिळलं. फेस आलाच नाही.

"लिंबू साक्ष देतं काय?" कमलाकांत हसला.

तात्या पुटपुटले, "आपलेच दात, आपलेच ओठ. मिटवा आता."

जमना शेजारीच कमलाकांतच्या दाराच्या पायरीवर, म्हणजे माझ्यावरच, बसली. मुठीतलं लिंबू आवळलं गेलं. रस माझ्यावर पडला आणि मी फेसाळलो.

"तात्या, बगा! बाबांचा दगड ह्यो!"

मला उलटं केलं. शिंपल्या दिसल्या. तात्यांनी कमलाकांतला मला जागेवर न्यायला सांगितलं.

"भाऊजी, दगडाला हात लावू नका," जमना म्हणाली. तिनं एकटीनं मला ढकलत नेलं.

मित्रांनो, हद्दीच्या दगडाला जपा. मला पुन्हा जागेवर बसवता आलं. दिराचा खरा चेहरा कळायला मात्र जमनाला नवरा गमवावा लागला.