खिडकीखालची खाट

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मोजणीवाला आला आणि अकराच्या आत माणसं मोजून गेला. कागदावर त्याने आकडा लिहिला: चार. घरात राहत होती तीन.

जिल्ह्याच्या स्वस्त भाड्याच्या घरांचा नियम साधा होता. दोन खोल्या हव्यात तर कुटुंबात चार माणसं हवीत. तीनच असली तर घर सोडायचं आणि दुसऱ्या यादीत तळापासून उभं राहायचं. घडीवालीने सहा वर्षं वाट पाहिली होती. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालायची, म्हणून शेजारपाजारी तिला घडीवालीच म्हणत. ती सहा वर्षं चौघांनी तळघरातल्या एका खोलीत काढली. तिथे दुपारीही दिवा लावावा लागे. सासूबाईंचा एकच धोशा असायचा, "खिडकी मिळू दे गं एकदा, मग मी तिथून हलायची नाही."

घर मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा सासूबाईंना वारून पाच आठवडे झाले होते. घडीवालीने अर्जावरचं नाव खोडलं नाही.

मोजणीची नोटीस आल्यावर तिने आतल्या खोलीत खिडकीखाली सासूबाईंची खाट मांडली. हाताला सवय होती तशी चादर ताणून बसवली, कोपरे दुमडले. थापही पाठ करून ठेवली: सासूबाई नणंदेकडे गेल्यात, रविवारी येतील.

थाप मारायची वेळच आली नाही. ती कपाटात कागद शोधत होती, तेवढ्यात मोजणीवाला आतल्या खोलीत जाऊन आला. बाहेर आला तो पावलांचा आवाज न करता.

"झोपू द्या त्यांना," तो हळूच म्हणाला. "पडदा तेवढा सारा. ऊन तोंडावर येतंय आजींच्या."

तो जिना उतरून गेल्यावर ती आत गेली. खाटेवर कोणी नव्हतं. पण चादर तिने घातली तशी नव्हती. कोणी नुसतं बसून उठलं की सुरकुत्या गोल पडतात, झोपून उठलं की लांब. या लांब होत्या, डाव्या कुशीच्या, आणि मध्ये गुडघ्यांनी केलेला खळगा. गुडघे पोटाशी घेऊन डाव्या कुशीवर कोण झोपायचं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. तिने पडदा सारला.

"तोच आडवा झाला असेल," नवरा संध्याकाळी म्हणाला. तो बस डेपोत फिटर होता. "दिवसभर जिने चढतो बिचारा."

"बूट घालून? चादरीवर मातीचा कण नाही, अहो."

"मी शाळेत होते हं," लेकीने आधीच हात वर केले. "पण घर राहिलं ना आपलं? मग आजीला थँक्यू म्हण की!"

"गप गं," नवरा म्हणाला. पण त्या रात्री त्याने खाट बाहेर हलवायचं नाव काढलं नाही.

शनिवारी करार वाढवण्याचा फॉर्म आला. प्रत्येक सज्ञान माणसाची सही हवी, शुक्रवारपर्यंत. नाहीतर करार रद्द. खाली तीन ओळी होत्या. तिसरीवर सासूबाईंचं नाव छापलेलं होतं.

दोघांनी सह्या केल्या. नवऱ्याने फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"तिसरीपण तूच करून टाक. आईचा हात मोडला होता तेव्हा केली होतीस ना?"

"तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. आता त्या घरात असताना, न विचारता कशी करू?"

नवरा हसायला लागला. मग त्याची नजर आतल्या दाराकडे गेली आणि तो हसायचा थांबला.

सोमवारी कामावर निघताना तिने खाटेवरची चादर ताणली, त्यावर फॉर्म ठेवला, फॉर्मवर पेन ठेवलं, पडदा ओढला आणि दाराला कुलूप लावलं. किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक नवऱ्याकडे. शाळेतून लेक जिन्याजवळच्या मावशींकडे जाते. सव्वापाचला घडीवाली परतली तेव्हा पडदा उघडा होता. पेनाचं टोपण काढून उशीपाशी ठेवलेलं होतं. तिसरी ओळ कोरी होती.

मंगळवारीही तेच झालं.

आज बुधवार. चादर डाव्या कुशीच्या सुरकुत्यांनी भरलेली आहे, टोपण उशीपाशी आहे, आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका आहे. सही अजून झालेली नाही.