आबांची जेवणाआधीची प्रार्थना

“नाव घेऊन मागायचं, मेघना. ‘सगळ्यांचं भलं कर’ असं कुणीही म्हणेल. कुणाचं भलं, कसलं भलं, ते नीट सांगायचं.”

हे माझ्या सासूबाईंचं, सगुणाबाईंचं सांगणं. लग्न होऊन मी कोपरच्या या घरात आले तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेत माझी पाळी आली की मी दोन वाक्यांत उरकायचे. माहेरी वडील एकटेच प्रार्थना करायचे आणि आम्ही सगळे फक्त आमेन म्हणायचो. इथे प्रत्येकाने आपल्या शब्दांत, डोळे मिटून, मोठ्याने बोलायचं. मला लाज वाटायची. सासूबाईंनी ती हळूहळू घालवली. आता त्या नाहीत, पण सकाळी बायबलमधलं वचन वाचून, शेजारपाजारच्या नावांनी मागून झाल्याशिवाय मी चहा घेत नाही, ते त्यांच्यामुळेच.

जेवणाआधीची प्रार्थना मात्र आबांची. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची उभी हयात कोलशेतच्या कारखान्यात मशिनच्या आवाजावर आवाज चढवण्यात गेली, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा जिन्यात ऐकू जातं. प्रार्थना तर तळमजल्यापर्यंत. ते ताटातल्या अन्नाबद्दल उपकार मानतात, ते पिकवणाऱ्याबद्दल मानतात, मग वॉचमनच्या गुडघ्यावर येतात, मग समोरच्या विंगेतल्या कुणाच्या तरी मुलीच्या बारावीवर. माझा नवरा रत्नदीप एक डोळा उघडून भाताकडे बघत असतो.

“आबा, वाफ गेली,” एकदा तो आमेननंतर म्हणाला.

“तुझ्या आईच्या वेळी तर पोळ्या कडक व्हायच्या,” आबा म्हणाले. “खा गुपचूप.”

आमच्या शेजारच्या दारात जाईबाई राहतात. त्या ब्लाउज शिवतात. नवरा लवकर गेला, मग मशीन चालवून त्यांनी सिद्धेशला इंजिनीअर केला. त्यांच्या घरात बुद्धमूर्तीपुढे रोज संध्याकाळी मेणबत्ती लागते आणि आमची प्रार्थना सुरू व्हायच्या सुमाराला त्यांची वंदना चालू असते. भिंत पातळ आहे. कधी कधी दोन्ही एकदमच संपतं. मग त्या भिंतीवर टकटक करून विचारतात, “झालं का गं? मीठ दे जरा.”

त्या दिवशी मीठ मागायला नव्हत्या आल्या. माझा ब्लाउज घेऊन आल्या, तो मी अंगावर चढवून बघितला, बाही जरा सैल झाली होती. त्यांनी टाचण्या लावल्या आणि दातात एक टाचणी धरूनच म्हणाल्या, “मेघना, मला इथं गाठ लागतेय.” हात काखेजवळ नेला. “नौपाड्यात दाखवलं. डॉक्टरीण म्हणाली, सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवू.”

मी विचारलं, “मग कधी जायचंय?”

“सिद्धेश हैदराबादला गेला की.”

सिद्धेशला तिथे नोकरी लागली होती. चांगली, त्याला हवी होती तशी. महिनाअखेरीस रुजू व्हायचं होतं.

“मावशी, इतकं थांबू नका ना.”

“त्याला कळलं तर तो जायचा नाही. मी ओळखते त्याला. बाप गेला तेव्हा शाळेच्या सहलीला गेला नव्हता, आईजवळ बसतो म्हणाला. आता नोकरीला नाही जाणार.” त्यांनी टाचणी काढून पिनकुशनमध्ये खोचली. “तो गेला की दुसऱ्या दिवशी जाते. शब्द देते तुला.”

मी पुन्हा सांगून बघितलं, दोनदा सांगितलं. त्या ऐकेनात. तेवढ्यात आबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. जाईबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, जरा थांबल्या, आणि त्यांनाही सांगून टाकलं.

“आबा, आमच्यात मागणं नसतं. वंदना करायची आणि आपलं आपण निस्तरायचं. पण तुम्ही रोज बोलता त्याच्याशी. तुमच्या देवाच्या कानावर घाला. बाकी कुणाच्या नको.”

“बाकी कुणाच्या नाही,” आबा म्हणाले. छातीवर हात ठेवून.

नंतर मी जाईबाईंना जिन्यात गाठून विचारलं, आबांना कशाला सांगितलंत. त्या म्हणाल्या, “मला कुणाला तरी सांगायचं होतं गं. आणि माणसांना सांगायचं नव्हतं.”

मी रोज सकाळी त्यांचं नाव घेत होते. पण मनात सारखं यायचं, मी मागतेय आणि ती बाई थांबलीय. हे काही बरोबर चाललेलं नाही. सिद्धेश जिन्यात भेटला की मी मान खाली घालायचे.

रविवारी चर्चहून आल्यावर मी सिद्धेशला जेवायला बोलावलं. आता जायचे दिवस जवळ आले होते, त्याला माझ्या हातचं मटण आवडतं. जाईबाईही आल्या. नवी साडी, केसांत गजरा, अगदी हसतमुख. रत्नदीप आणि सिद्धेश हैदराबादच्या बिर्याणीवरून वाद घालत बसले.

“वहिनी, तिकडं गेल्यावर तुमचं मटण मिस करणार मी.”

“मिस कसला करतोस,” रत्नदीप म्हणाला, “पहिल्या पगारात बिर्याणीवर तुटून पडशील आणि आईला व्हिडिओ कॉल करून दाखवशील.”

मी पानं वाढली. आबांनी हात जोडले. आम्ही डोळे मिटले. सिद्धेश लहानपणापासून आमच्याकडे जेवत आलाय, तोही मिटतो.

“हे दयाळू पित्या,” आबांनी सुरुवात केली, “या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. आज आमचा सिद्धेश पानावर आहे, त्याच्याबद्दल उपकार मानतो. त्याला परगावी सांभाळ. त्याला चांगली माणसं भेटू दे. त्याच्या जिवाला इकडची काळजी लागू देऊ नकोस. प्रभो, त्याच्या आईच्या त्या गाठीवर तुझा हात ठेव, तपासणीत वाईट काही निघू देऊ नकोस, आणि ती पोराच्या जाण्यापर्यंत थांबलीय, तेवढ्यात काही बिघडू नये…”

मी डोळे उघडले. सिद्धेशचे उघडेच होते. तो आईकडे बघत होता. जाईबाईंनी अजून डोळे घट्ट मिटून घेतले होते, लहान मुलं झोपेचं सोंग घेतात तसे.

“कसली गाठ?” सिद्धेश म्हणाला.

आबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते बोलत राहिले, वॉचमनपर्यंत गेले, आणि आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा जाईबाई उठून उभ्या होत्या.

“आई, कसली गाठ?”

“घरी चल.” त्या दारातून बाहेर पडल्या. सिद्धेश मागोमाग. दोन पानं तशीच भरलेली राहिली.

मी ती झाकून ठेवली. मग आबा म्हणाले, “मी कुणाला सांगितलं नाही. मी प्रार्थना करत होतो.”

“आबा,” रत्नदीप म्हणाला, “तुम्ही देवाशी बोलता तेव्हा आम्ही पण ऐकत असतो. आज तर देवाआधी सिद्धेशनं ऐकलं.”

त्याला विनोद करायचा होता. आबांनी पान पुढे सरकवलं आणि उठून आपल्या खोलीत गेले. मी नंतर चहा नेला तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांना खरंच उमगलं नव्हतं. डोळे मिटले की त्यांच्यापुढे एकच ऐकणारा असतो. इतकी वर्षं तसंच होतं.

पलीकडून आवाज येत होते. आधी सिद्धेशचा, मग जाईबाईंचा, मग दोघांचे एकदम. त्या संध्याकाळी वंदना ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, “तू कर प्रार्थना.” मी केली. तिसऱ्या दिवशीही मीच. माझा आवाज मुळात बारीक, घर रिकामं झाल्यासारखं वाटायचं. भात मात्र गरम मिळत होता, आणि रत्नदीपला त्याचा आनंद होत नव्हता.

मी शेजारी गेले. दार सिद्धेशनं उघडलं. दाढी वाढलेली.

“वहिनी, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

त्यानं मान हलवली आणि आत गेला. जाईबाई मशीनवर बसल्या होत्या, पण पाय चालत नव्हता.

“आली का? बस,” त्या म्हणाल्या. “ऐक आमचं. हा म्हणतो, तू आधी तपासून ये, रिपोर्ट येऊ दे, मग मी तिकीट काढतो. मी म्हणते, तू आधी तिकीट काढ, मग मी जाते. आता बसलोय दोघं.”

“आणि तारीख जवळ येतेय,” सिद्धेश आतून म्हणाला.

“येऊ दे. आबांनी मागितलंय ना तुझ्यासाठी, चांगली माणसं भेटू दे म्हणून. भेटतील इथंच.”

त्यांचा राग आबांवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, पण तो बाहेर पडत होता लेकावर. मी त्यांचा हात धरला. तो थंड होता. मी घरी आले आणि आबांना सगळं सांगितलं. दोघं अडून बसलेत हे सांगितलं, हात थंड होता तेही.

आबा उठले. शर्टाची वरची बटणं लावली आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे. आत या म्हणेपर्यंत ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

“जाईबाई, माझं चुकलं. देवाला सांगताना समोर माणसं बसलीत हे विसरलो.”

“तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का आबा?” जाईबाई मशीनवरून न उठता म्हणाल्या. “सगळ्या बिल्डिंगला सांगितलंत, त्याला वेगळं सांगायचं कशाला?”

“बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणू नका. मला भांडायचंय.”

“भांडा ना. मी उभाय.”

जाईबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पदर तोंडावर घेतला. त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळायला वेळ लागला. दोन्ही होतं. सिद्धेश आतून येऊन दारात टेकून उभा राहिला.

“मला तपासणीची भीती नाही,” त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. “बाहेर बाकावर बसायची आहे. हा बाजूला बसणार आणि माझ्या तोंडाकडे बघत राहणार. त्याच्या बापाला दवाखान्यात नेलं तेव्हा मी तशीच बघत बसले होते. त्यांनी मला सांगितलं, जाई, दुसरीकडं बघ गं. मी नाही बघितलं दुसरीकडं.” त्यांनी डोळे पुसले. “ते मला आता झेपायचं नाही. म्हणून म्हटलं, हा गेला की एकटी जाईन.”

सिद्धेशनं आईवरची नजर काढून मशीनकडे वळवली. त्याला हे नवीन होतं.

“मी येतो,” आबा म्हणाले. “तुमच्या बाजूला बसतो. दुसरीकडं बघतो.”

“मोठ्यानं काही म्हणायचं नाही.”

“नाही.”

“डॉक्टरणीसाठी पण नाही. कंपाउंडरसाठी पण नाही.”

“नाही म्हणणार.”

“आणि रडायचं नाही.”

आबांनी जरा विचार केला. “ते मात्र सांगता येत नाही. पण दुसरीकडं बघून रडेन.”

सिद्धेश हसला, त्या रविवारनंतर पहिल्यांदा. मग म्हणाला, “मी खाली थांबतो, आई. चहाच्या टपरीवर. वर येणार नाही. पण गाडी मीच बुक करणार आणि आबा मला फोन करणार.”

“आबांचा फोन?” जाईबाई म्हणाल्या. “मग टपरीवर बसून फोनची काय गरज? असाच ऐकू येईल.”

“मेसेज करतो,” आबा गंभीरपणे म्हणाले. त्यांना मेसेज करता येत नाही. त्या संध्याकाळी रत्नदीप त्यांना शिकवत बसला. अंगठा दाखवायचा कसा, तेवढंच जमलं, तेवढं पुरेसं आहे असं ठरलं.

गुरुवारची वेळ मिळाली. रिपोर्ट यायला पुढे काही दिवस लागतील, त्यात काय निघेल ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि अजूनही नाही. पण सिद्धेशनं हैदराबादच्या ऑफिसला फोन करून रुजू व्हायची तारीख थोडी पुढे ढकलून घेतली होती. त्यांनी एका वाक्यात हो म्हटलं. एवढा साधा मार्ग आधी कुणालाच सुचला नव्हता, कारण आधी कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मी त्याबद्दल उपकार मानले. आबांची चूक झाली नसती तर, असं पुढे मनात आलं, पण ते मी तिथेच सोडून दिलं. चुकीला लगेच देवाचं नाव द्यावं असं मला वाटत नाही. जाईबाईंचं दुखणं त्यांनी ज्याला सांगायचं ठरवलं असतं त्यालाच कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी मी वचन वाचून उठले तर आबा आधीच तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चर्चला जाताना घालतात तो. चहा झाला. नाश्त्याला उपमा केला होता. मी हात जोडले तशी ते म्हणाले, “थांब.” आणि स्वतः डोळे मिटले. काहीच बोलले नाहीत. मीही मिटले. बराच वेळ शांतता. बाहेर कुणीतरी पाण्याचा पंप लावला, बंद केला. आमेनसुद्धा ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा ते उपमा खात होते.

“इतक्या लवकर जाऊन काय करणार?” मी विचारलं. “मावशींनी अजून दार उघडलं नाही.”

“उघडतील तेव्हा उघडतील.”

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढून आवाज बंद झाला की नाही ते माझ्याकडून तपासून घेतलं. मग चपला घातल्या, बाहेर गेले आणि शेजारच्या दारासमोर, जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. बेल वाजवली नाही. थोड्या वेळानं कडी निघाली. जाईबाई बाहेर आल्या, मागे सिद्धेश. आबांनी जाईबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि नजर पायऱ्यांकडे ठेवून त्यांच्या बाजूनं खाली उतरू लागले.