थोपवलेली पिल्ले

किनाऱ्याच्या ज्या टोकाला होड्या लागत नाहीत आणि माणसेही सहसा फिरकत नाहीत, तेथे बांबूच्या कुंपणाने वेढलेली एक लहानशी जागा होती. समुद्रकासवांनी वाळूत घातलेली अंडी भरतीपासून आणि कुत्र्यांपासून वाचावीत म्हणून ती अलगद उचलून या कुंपणात आणून पुरली जात आणि पिल्ले निघाली की त्यांना समुद्राच्या स्वाधीन केले जाई. या जागेची राखण ज्याच्याकडे होती, त्या वयस्क राखणदाराला सारे गाव ‘कासवांचे तीर्थरूप’ म्हणत असे. हे नाव होड्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने ठेवले होते. राखणदाराने ते कधी मनाला लावून घेतले नाही. उलट, घरात ‘बाबा’ म्हणून हाक मारणारे कोणी उरले नसताना, चेष्टेने का होईना, कोणीतरी बापपण आपल्या पदरात घालते आहे याचे त्याला मनातून थोडे समाधानच वाटे.

त्याची बायको जाऊन बरीच वर्षे लोटली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या शहरी नांदत होती. ती दर रविवारी न चुकता फोन करी. परंतु त्या फोनात जीव असा नसेच. “जेवलात का? गुडघा कसा आहे? बरं, ठेवते मग,” एवढ्यावर बोलणे आटोपे. मग रिकामा फोन हातात धरून राखणदार क्षणभर तसाच बसून राही, जणू पलीकडून कोणी काही विसरलेले सांगायला परत येणार आहे.

या नीरस व्यवहारात एके दिवशी नातीने उडी घेतली. आजोबा कासवांची अंडी सांभाळतात, हे तिला कोठून कळले कोण जाणे. पण त्या दिवसापासून रविवारी फोन वाजला की आईच्या हातून तो हिसकावून घेण्याचा मान तिचा झाला.

“आजोबा, आज काय झालं अंड्यांचं?”

“आज काही नाही. वाळूखाली गुपचूप पडून आहेत.”

“कंटाळा येत नाही त्यांना?”

“कसला कंटाळा! सगळी एकमेकांना खेटून असतात. शेजारपाजार आहे भरपूर.”

“आणि त्यांची आई?”

“ती अंडी घालून, वाळू लोटून, परत पाण्यात गेली. वळूनसुद्धा बघत नाही बघ.”

“वाईट आहे!” नात म्हणाली. तेव्हा राखणदाराने कासविणीची बाजू इतक्या कळवळ्याने मांडली की पलीकडे लेकही ऐकत उभी राहिली. बाप इतके बोलू शकतो, हे बहुधा तिलाही नवीन होते.

अशा रीतीने कासवे ही लेकीच्या घराची आणि राखणदाराच्या खोलीची एकमेव बोलण्याची वाट होऊन बसली. पिल्ले निघताना पाहायची, असा नातीने हट्ट धरला. लेक दोनदा येते म्हणाली आणि दोन्ही वेळा काही ना काही आडवे आले. इकडे अंडी घालण्याचा हंगाम केव्हाच सरला होता. एकामागून एक घरटी रिकामी झाली आणि कुंपणात शेवटचे एकच घरटे उरले. राखणदाराचा जीव त्या एका घरट्यात अडकून पडला. हे घरटे रिकामे झाल्यावर आपल्याकडे येण्यासारखे काय उरणार, हा प्रश्न तो स्वतःला विचारीत नसे; कारण त्याचे उत्तर त्याला पाठ होते.

शनिवारी लेक आणि नात येणार, असे पक्के ठरले. पण शुक्रवारी पहाटे तो कुंपणात गेला, तेव्हा घरट्यावर पालथी घातलेली वेताची टोपली आतून खडखडत होती. वाळू मध्येच खचून वाटीसारखी खोल झाली होती. तळहाताच्या खळग्यात मावतील अशी काळपट पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढून, वल्ह्यांसारखे पाय मारीत, समुद्राच्या दिशेने टोपलीला धडका देत होती. एरवी हे दृश्य पाहून त्याचे अंतःकरण भरून येई. आज ‘एकच दिवस आधी’ एवढेच त्याच्या मनात आले.

अशा वेळी काय करायचे असते, हे त्याला कोणी सांगायला नको होते. कासवांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी ते त्याला शिकवले होते आणि सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांना तो स्वतः ऐटीत शिकवीत असे. “हे पिल्लू अंड्यातला बलक पोटाशी बांधून निघतं,” तो सांगे. “ती त्याची शिदोरी. तेवढ्या शिदोरीवर त्याला लाटा ओलांडून खोल समुद्र गाठायचा असतो. बाहेर आल्यापासून ते थांबत नाही, पाय मारतच राहतं. आपण त्याला कोंडलं तर शिदोरी टोपलीतच संपते. प्रवासाला निघालेल्याला दारात अडवून गप्पा मारायच्या नसतात!” मुले हसत. बाई मान डोलावीत.

ऊन वर यायला अजून अवकाश होता. पिल्ले तत्काळ पाण्याकाठी नेऊन सोडायची, एवढेच काम होते. त्याने आधी लेकीला फोन लावला. पिल्ले निघाली, जमत असेल तर आजच निघ, असे सांगावे हा त्याचा सरळ हेतू होता. पण त्याने तोंड उघडण्यापूर्वीच लेक बोलू लागली.

“बाबा, बरं झालं तुम्हीच फोन केलात. इकडे फार गडबड आहे हो. कासवं आहेत ना अजून? नाही, गेली असतील तर तसं सांगा, मग एवढी धावपळ कशाला? पुढच्या वर्षी निवांत येऊ.”

टोपली खडखडत होती.

“आहेत की,” राखणदार म्हणाला. “आहेत अजून. उद्या या.”

त्याने जे सांगितले ते शब्दशः खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते त्याला खोट्याहून अधिक बोचले. फोन ठेवून त्याने एका पसरट घमेल्यात ओले गोणपाट अंथरले, पिल्ले त्यात भरली, वरून दुसरे ओले गोणपाट झाकले आणि घमेले उचलून आपल्या पत्र्याच्या खोलीत, खाटेखालच्या अंधारात नेऊन ठेवले. एक दिवसाचा तर प्रश्न आहे, असे तो स्वतःशी म्हणाला. अंधारात आणि गारव्यात निजतील बिचारी.

ती निजली नाहीत. सबंध सकाळ खाटेखाली नखांची खरखर चालली होती. पत्र्यावर वाळू पडत राहावी तसा तो आवाज होता. दुपारी रंगारी बिडी ओढायला येऊन उंबऱ्यात टेकला आणि त्याने कान टवकारले.

“काय तीर्थरूप, उंदीर पाळलेत की काय?”

“हो, झालेत थोडे.”

“थोडे? ही तर पलटण वाटतेय.” तो वाकला, त्याने गोणपाटाचे टोक उचलले आणि पुन्हा खाली सोडले. “अहो, ही तर तुमची पोरं! सोडली का नाहीत?”

“उद्या नात येतेय.”

रंगाऱ्याने बिडी विझवली. “आमच्याकडे कोणी यायचं असलं की आम्ही घर झाडतो,” तो म्हणाला. “तुम्ही पोरं कोंडता.”

“तुझं घर भरलेलं आहे, तुला बोलायला काय जातं?”

यावर रंगारी हसला नाही. “चुकलो,” एवढेच म्हणून तो उठून गेला. राखणदाराला वाटले, त्याने आणखी चार टोमणे मारले असते तर बरे झाले असते.

सायंकाळी उन्हे कलली आणि खरखर थांबली. त्या खोलीत शांतता काही नवीन नव्हती. बायको गेल्यापासून त्याच्या सोबतीला शांततेवाचून दुसरे कोणी तेथे राहिलेच नव्हते. परंतु ही शांतता ऐकून तो धसका घेतल्यासारखा खाली बसला आणि त्याने घमेले ओढले. पिल्ले एकमेकांवर माना टाकून पडली होती. बोट लावले तर एखादे पाय हलवी आणि पुन्हा स्वस्थ होई.

त्याने घमेले छातीशी धरून पाणी गाठले. ओल्या वाळूवर ठेवताच पिल्लांना कोठून बळ आले न कळे, ती निघाली. नेहमीची झुंबड नव्हती, अडखळत, थांबत, पण निघाली. लाट येई, काहींना नेई, काहींना परत आणून टाकी, आणि ती पुन्हा निघत. राखणदार गुडघे टेकून प्रत्येकाकडे पाहत होता. शेवटची ओंजळभर पिल्ले मात्र त्याच्याने सोडवली नाहीत. बाकीची गेली ना? एवढी चार पोरीसाठी राहू देत, असा त्याने समुद्राशी जणू सौदा केला आणि ती पिल्ले घेऊन तो खोलीत परतला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत लेक आणि नात येऊन पोहोचल्या. नात फोनवर वाटे त्याहून उंच होती आणि प्रत्यक्षात आधी आईच्या पाठीशी लपली. पण घमेले पाहताच तिची भीड चेपली. वाळूवर तिने स्वतःच्या हाताने पिल्ले ठेवली आणि टाळ्या पिटल्या.

पिल्ले चालली नाहीत. एकाने थोडे पाय ओढले. लाट आली, तिने त्याला नेले आणि परत नातीच्या पावलांपाशी आणून ठेवले. नातीने उचलून पुढे ठेवले. लाटेने पुन्हा आणले. असे वारंवार झाले, तशी ती खिदळू लागली.

“आई, बघ ना! त्याला जायचंच नाहीये! आजोबा, त्याला तुमच्याजवळच राहायचंय!”

लेकही हसली. “बघा बाबा, लळा लागलाय त्यांना तुमचा.”

ज्या शब्दांसाठी तो इतकी वर्षे आसुसला होता, ते शब्द असे उलट्या वाटेने त्याच्यापाशी आले. हसून गप्प राहिला असता तर कोणालाही काही कळले नसते.

“नाही गं, बाळा,” तो म्हणाला. “त्याला जायचं होतं. कालच जायचं होतं. मी कोंडून ठेवलं, म्हणून त्याच्यात त्राण उरलं नाही.”

“का कोंडलं?”

“तुम्ही यावं म्हणून.”

नातीने आईकडे पाहिले. लेकीचे हसू मावळले. ती काही बोलणार तोच राखणदाराने पिल्ले डोक्यावरच्या टोपीत गोळा केली आणि तो कपड्यांनिशी पाण्यात शिरला. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे यांना पोहोचवले, तर पाण्याच्या ओढीने तरी पुढे जातील, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. पाणी कमरेला लागले, छातीला लागले. एक लाट डोक्यावरून गेली. मागून लेकीचा आवाज येत होता, “बाबा! बाबा, पुरे! मागे फिरा! गुडघा आहे तुमचा असा!” इतक्यांदा ‘बाबा’ ही हाक त्याने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. फुटणाऱ्या लाटांपलीकडे त्याने टोपी पाण्याखाली धरून हळूच उलटी केली. एका पिल्लाने पाय मारले, हे त्याला नक्की दिसले. बाकीच्यांचे काय झाले, ते गढूळ पाण्यात दिसले नाही.

बाहेर आल्यावर लेकीने आपल्या ओढणीने त्याचे डोके खसाखसा पुसले; लहान मुलाचे पुसावे तसे, रागारागाने.

“वेडे आहात का तुम्ही? काही झालं असतं म्हणजे?” मग हात थांबला. “या म्हणून नुसतं सांगायचं होतंत ना.”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

‘हो’ म्हणून ती खोटे बोलली नाही, आणि त्याबद्दल त्याला ती आवडली.

परतीची गाडी दुपारी होती. पिशवी भरताना ती अवघडून म्हणाली, “बाबा, राहू का आजचा दिवस?”

राखणदाराने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिकडे नवरा, नोकरी, उद्याची धावपळ, सारे तिच्या कपाळावर गोळा झाले होते. हो म्हणायला त्याची जीभ अक्षरशः पुढे सरसावली होती. “नको,” तो म्हणाला. “तुझं मन लागायचं नाही. वेळ काढून ये कधी, तेव्हा राहा.” पिशवी त्यानेच थांब्यापर्यंत नेली. गाडी वळणाआड गेली, तरी तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होता. मग, हंगाम संपला की दरवर्षी करी तसे, कुंपणात जाऊन त्याने बांबू उपटायला सुरुवात केली. काही वेळाने रंगारी आला आणि काही न विचारता दुसऱ्या बाजूने उपटू लागला.

पुढच्या रविवारी फोन वाजला.

“आजोबा, ती कुठे पोचली असतील?”

“ठाऊक नाही, बाळा.”

“सगळी पोचली असतील?”

“सगळी नाही.”

पलीकडे ती गप्प झाली. आता फोन आईकडे जाईल आणि आई ‘बरं, ठेवते’ म्हणेल, म्हणून राखणदार वाट पाहत राहिला. परंतु फोन कोणी आईला दिला नाही. नातीचा श्वास ऐकू येत होता. सांगण्यासारखे त्याच्यापाशी काहीही नव्हते, विचारण्यासारखे तिच्यापाशी नव्हते. तरीही दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.