उणे चार अंश

पिंपळवंडीच्या दूध शीतकरण केंद्रातून कुशाबानानाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, आणि जेवताना कुणी मशीनची गाऱ्हाणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. चिलरचं पाणी गार होत नाही, असं नानाचं म्हणणं. मी विचारलं, मीटर किती दाखवतोय? तो म्हणाला, दोन. मग झालं तर. दोन अंश म्हणजे बर्फाला जवळजवळ टेकलेलं पाणी, याहून गार काय करायचंय? पण नाना आपलं सोडेना.

"हनीफभाई, मीटर दोन दावतोय, पर पाणी हाताला चावत न्हाई."

मी हसलो. म्हणालो, नाना, पंचवीस वर्षं गार पाण्यात हात घालून तुमची कातडी म्हशीची झालीय, आता तिला काय चावणार? फोन ठेवला आणि भाकरीकडे वळलो. हे २००३ सालच्या मार्चमधलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्राचे दोन टँकर दूध नासलं म्हणून पुण्याहून परत आले. अकरा गावांचं दूध. ते ओढ्याकाठच्या पडीक रानात सोडून दिलं, आणि दोन दिवस त्या वाटेने कुणी नाकाला पदर लावल्याशिवाय गेलं नाही. तिसऱ्या दिवशी चेअरमन सोपानरावांनी मला जुन्नरहून बोलावून घेतलं. मशीन तपासा म्हणाले, पाच वाजता संचालकांची बैठक आहे, तिच्यात नानाचा निकाल लावायचाय.

निकाल त्यांच्या मनात लागलेलाच होता. नाना केंद्राचा ऑपरेटर. दर तासाला मीटर बघून पाण्याचं तापमान वहीत लिहायचं काम त्याचं. वहीत सहा महिने पानोपान दोनच लिहिलेलं. सोपानरावांचं म्हणणं, दोन अंशाच्या पाण्यावर दूध नासत नाही, म्हणजे मशीन बंद पडायचं, हा झोपायचा आणि सकाळी उठून वही भरायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, त्याला खोटारडा म्हणून काढणार होते. गावाने तर काढूनही टाकलं होतं. नानाची बायको साळुबाई सकाळी दूध घालायला रांगेत उभी राहिली तर तिच्या पुढेमागे कुणी थांबत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा नाना दारातच होता. त्याने माझी पिशवी घेतली, चहा विचारला, फोनचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

चिलर म्हणजे काही जादू नाही. गावोगावचं दूध येतं, ते प्लेट कूलरमधून जातं. पत्र्याच्या एका बाजूने दूध, दुसऱ्या बाजूने गार पाणी. हे पाणी गार ठेवायचं काम चिलरचं. कॉम्प्रेसर कधी चालवायचा आणि कधी थांबवायचा ते ठरवतो भिंतीवरचा मीटर, म्हणजे कंट्रोलर, आणि त्याला खबर देतो पाण्यात बुडवलेला बोटाएवढा सेन्सर. सगळा कारभार त्या बोटाच्या शब्दावर.

मी गॅसचं प्रेशर पाहिलं. ठीक. कंडेन्सर उघडला, नानाने तो महिन्यापूर्वीच घासून लख्ख केलेला. पंप ठीक, जाळी साफ, वायरी घट्ट. एकेक गोष्ट बरी निघत गेली तसा मी चिडत गेलो. मला काहीतरी मोडलेलं सापडायला हवं होतं. नाना मागे उभा राहून मागायच्या आत पाना हातात देत होता, आणि त्याचाही मला राग येत होता.

शेवटी कुणाला न सांगता मी टाकीत हात घातला. दोन अंशाच्या पाण्यात अर्ध्या मिनिटात बोटं ठणकायला लागतात. मी मिनिटभर हात ठेवला. हात गार पडला, पण चावलं काही नाही.

मग मात्र मी नानाला बर्फ आणायला सांगितलं. तो स्टँडवरच्या रसवंतीतून गोणपाटात गुंडाळून अर्धी लादी घेऊन आला. बर्फ कुटला, दुधाच्या मोठ्या मापात भरला, वर थोडं पाणी घालून ढवळला. बर्फ आणि पाणी एकत्र असलं की ते शून्य अंशच असतं, त्याला कुणाच्या मीटरची साक्ष लागत नाही. सेन्सर टाकीतून काढला आणि त्या मापात खुपसला. भिंतीवरचा आकडा उतरायला लागला. एक. उणे एक. उणे तीन. उणे चारवर येऊन तो थांबला आणि हलला नाही.

कॅलिब्रेशन चार अंशांनी चुकलं होतं. आणि का चुकलं ते त्याच क्षणी मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी जुन्या सेन्सरच्या वायरीचा जोड गंजला होता, त्यामुळे मीटर चार अंश जास्त दाखवायचा. नवीन सेन्सर माझ्याकडे नव्हता. तेव्हा मी कंट्रोलरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगितलं होतं, जो आकडा येईल त्यातून चार वजा कर. तात्पुरतं. मग गेल्या दिवाळीला सेन्सर आणि वायर दोन्ही नवीन टाकली. नवा सेन्सर खरं बोलत होता, कंट्रोलर मात्र इमानाने चार वजा करत राहिला. पाणी सहा अंशावर, भिंतीवर दोन. थंडीत दूधच गार यायचं, म्हणून निभावलं. उन्हाळा आला आणि नासलं. वर दिवाळीनंतर कॉम्प्रेसर जास्त विश्रांती घ्यायला लागला, तेव्हा ती माझ्या हाताची करामत म्हणून वार्षिक सभेत याच सोपानरावांनी मला शाल आणि नारळ दिला होता. मी तो हसत घेतलाही होता.

नाना माप धुवायला नळावर गेला होता. सेटिंगचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. मी चार बटणं दाबली, उणे चारच्या जागी शून्य आलं, सेन्सर परत पाण्यात सोडला. मशीनमध्ये दोष नाही एवढं सांगून मी पाचच्या आत जुन्नरच्या रस्त्याला लागलो असतो. जुन्नरपासून पेठपर्यंत चौदा ठिकाणी लोक मला बोलावतात, ते हनीफने लावलेला मीटर चुकत नाही म्हणून. मी खरोखर पिशवी आवरायला घेतली होती.

नाना आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, सहा. कॉम्प्रेसर सुरू झालेला ऐकला. टाकीत हात घालून पाहिला. मग वही उघडली, वेळ टाकली आणि त्याच सरळ अक्षरात लिहिलं, सहा. मला काहीच विचारलं नाही. मीटर दोन म्हणाला तेव्हा दोन लिहिलं, सहा म्हणाला तेव्हा सहा. त्या माणसाला मी झोपाळू ठरू देणार होतो. माझी मलाच शिसारी आली.

बैठकीत मी सगळं सांगितलं. जुना सेन्सर, नवा सेन्सर, राहून गेलेले चार अंश. वही खरी आहे, मीटर खोटा होता, आणि तो मी खोटा केला होता. संचालकांत कुजबुज झाली. सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान वळवली. मला वाटलं सुटलो.

"मीटर चुकला, मान्य," ते नानाला म्हणाले. "पर तुझी हयात गेली या पाण्यात. तुला कळलं न्हाई? आन कळलं तर सांगितलं का न्हाई कुणाला?"

नाना फरशीकडे बघत उभा राहिला. उत्तर त्याच्याकडे होतं आणि उत्तर म्हणजे मी होतो. तो वहीच्या कडा नीट करत राहिला.

"सांगितलं होतं त्यांनी," मी म्हणालो. "मार्चमध्ये मला फोन केला होता. पाणी चावत नाही म्हणाले. मी हसलो, त्यांची कातडी म्हशीची आहे म्हणालो आणि फोन ठेवला."

एक संचालक फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. सोपानरावांनी समोरच्या कागदावरचा नानाचा विषय पेनाने खोडला. मग मला म्हणाले की झालं ते झालं, पण पुढच्या महिन्यापासून केंद्र दुसरा मेकॅनिक बघेल. मी हो म्हणालो. त्यात त्यांचं काय चुकलं?

तेव्हा नाना पहिल्यांदा बोलला.

"अध्यक्षसाहेब, येवडं धरू नका. हसायचं काय, मानूस हसतो. मी परत आठ दिसांनी फोन केला व्हता. तवा भाई घरी नव्हते, बेल्ह्याला गेलते. त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं. घरी असते तर ते नक्की आले असते."

सोपानरावांचा चेहरा जरा निवळला. असं असेल तर विचार करू, ते म्हणाले.

तो दुसरा फोन मला चांगला आठवत होता. माझी बायको जन्नतबी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली होती, पिंपळवंडीचे नाना आहेत. मी खाटेवर पडलो होतो. मी हातानेच खूण केली, नाही म्हणून सांग. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि बेल्ह्याचं नाव सांगितलं. नानाने ते खरं मानलं होतं, सगळ्या भरल्या बैठकीत माझ्यासाठी पुढे केलं होतं, आणि आता माझ्याकडे बघून धीर दिल्यासारखी मान हलवत होता.

"घरीच होतो, नाना," मी म्हणालो.