आडोसा

"आत्याबाई, पिशवीत करा! तोंड पिशवीत धरा!"

पिशवी उघडेपर्यंत उशीर झाला आणि सगळं माझ्या मांडीवर आलं. नुसतं पिवळं, आंबूस पाणी. पोटात दुसरं काही नव्हतंच. बाहेर थंडी म्हणून काचा बंद, आत हीटर, आणि त्या उबेत वास कोंडून राहिला. पुढच्या सीटवर बसलेल्या माझ्या नवऱ्याने, अश्वजितने, मान न वळवता रुमाल नाकाला लावला.

"भैया, शीशा थोडा नीचे करो," तो ड्रायव्हरला म्हणाला. आईला काय होतंय हे विचारायच्या आधी काच. शी! उलटीपेक्षा मला त्या रुमालाचीच जास्त किळस आली.

लेह सोडून आम्ही खारदुंग-ला घाटाला लागलो होतो. घाटापलीकडे दिस्कीटला डोंगरावर मैत्रेय बुद्धाची उंच मूर्ती आहे. आमच्या मागे बसलेल्या माझ्या मुलीने, बुद्धप्रियाने, ती मोबाईलवर आजीला दाखवली होती. तेव्हा माझ्या सासूबाई नागुबाई, म्हणजे याच आत्याबाई, भोकरच्या घरात चुलीपुढे बसून म्हणाल्या होत्या, "तेवढी वंदना करून येऊ द्या मला. मंग काही मागत न्हाई." मागायची सवयच नव्हती त्या बाईला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापसात वाकून मुलाला शिकवलं, तो पाटबंधारे खात्यात लागला, आणि मागितलं काय, तर एवढंच.

नांदेडच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहा, पाणी भरपूर प्या, उंचीची गोळी चुकवू नका. गोळीने लघवीला सारखं जावं लागेल, घाबरू नका. अश्वजितला दोन दिवस कुठले निघायला! एक दिवस कसाबसा काढला आणि सकाळी हुकूम सोडला, "आवरा लौकर. आपली हाडं मराठवाड्याची हायेत, काही होत न्हाई." हाडांना कुठे काय व्हायचं होतं? त्रास होतो तो हवा विरळ असते म्हणून. पण सांगणार कोणाला? साहेबाने ठरवलं की ठरलं.

मी आत्याबाईंचा पदर पुसायला हातात घेतला तर टोकाला गाठ लागली. औषधाची पुडी असेल म्हणून सोडली. आत तीन-चार पांढऱ्या गोळ्या निघाल्या. मी रोज हातावर ठेवलेल्या, पाण्याचा पेला पुढे करून दिलेल्या त्याच गोळ्या.

"आत्याबाई, हे काय? गिळल्या न्हाईत?"

त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. ओठ जांभळट पडले होते.

"पाणी तरी प्यालात का?"

"घोटभर. काल सकाळी."

"अहो पण कामून?"

त्यांनी पुढे बसलेल्या मुलाकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "डाक्टर म्हणला न्हवं, गोळीनं सारखं जावं लागतंय म्हणून. वाटंत कुठं जाऊ म्या, बाई?"

हॉटेलात आम्हाला पाचजणांत एकच खोली होती आणि संडासाच्या दाराला कडी नव्हती. बाहेर मुलगा, नवरा टीव्ही लावून बसलेले. म्हणून ही बाई रात्रभर दम धरून पडून राहिली होती आणि आम्ही समजत होतो, थकलीय. सकाळी वाटेत चहाच्या टपरीमागच्या संडासापर्यंत मी त्यांना नेलंही होतं. दार उघडलं आणि दोघी मागे सरलो. भांडं तुंबून वर आलेलं, सगळीकडे गोठलेली घाण, भिंतीवर बोटं पुसलेली. आत पाय ठेवायलाही जागा नाही. त्याच वेळी आमचे दोन पुरुष रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे होते, हवेत वाफा सोडत, गप्पा मारत. त्यांचं दोन मिनिटांत उरकलं आणि अश्वजित ओरडला, "चला, किती वेळ लावायलात!"

मी पंचायत समितीत कारकून आहे. अमुक गाव हागणदारीमुक्त, तमुक गाव हागणदारीमुक्त, असे कागद मी दर महिन्याला टाईप करते. आणि माझ्याच घरची म्हातारी लघवीच्या भीतीने पाणी सोडून बसलीय, हे मला घाट चढेपर्यंत कळलं नाही. थू! कागदावर, गाडीवर, सगळ्यांवर.

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

नोर्बू ड्रायव्हर तिथलाच. त्याने आरशात आत्याबाईंचा चेहरा पाहिला आणि ताबडतोब गाडी कडेला घेतली. मागे वळून म्हणाला, "मैडम, अम्मा को ऊपर मत ले जाओ. अभी नीचे चलो."

"अरे, थोडंच राहिलंय की वर," अश्वजित म्हणाला. "पलीकडं उतरलं की आपसूक बरं वाटतंय. आन् मायलाच तर बघायचंय ना?"

"त्यांनी काल सकाळपासून पाणी पेलं न्हाई. गोळ्या घेतल्या न्हाईत. लघवीला जावं लागंल म्हणून! कळतंय का तुमाला?"

तो ओशाळला. पण ओशाळून गप्प बसेल तो अश्वजित कसला. म्हणाला, "मग सांगायचं ना. न सांगता आमाला काय सपान पडतंय?"

तेवढ्यात मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, तोंड उघडलं. रामकिशन मामा तसे साधे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हसून, अगदी कौतुकाने म्हणाले, "तिला सवय हाय त्याची. दीक्षाभूमीला जायचो आमी ट्रकात बसून, भोकर ते नागपूर. एक डाव सुदिक उतरली न्हाई कधी. लई टणक बाई."

आत्याबाईंनी डोळे उघडले.

"उतर म्हणलं कोण व्हतं?" त्या म्हणाल्या.

मोठ्याने नाही, भांडणाच्या सुरात तर मुळीच नाही. मामांचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. अश्वजित दार उघडून खाली उतरला आणि आता तरी आईकडे येईल म्हणून मी पाहते तो काय, हा गडी चार पावलं गेला, रस्त्याकडेच्या दगडी कठड्यापाशी उभा राहिला आणि पँटची चेन खाली केली. वर पताका फडफडत होत्या, मंत्र लिहिलेल्या. नोर्बू काच खाली करून कळवळून ओरडला, "सर, इधर नहीं! सर!" सरांचं उरकत आलं होतं.

मला त्या क्षणी त्या माणसाचा असा वीट आला की सांगता सोय नाही. राग नव्हे, राग परवडला. किळस.

"बुद्धप्रिया, घोंगडी काढ," मी म्हणाले. "आन् मामा, तुमी उतरा. त्या बाजूला जाऊन उभे राहा, तोंड फिरवून."

"लोक बघायलेत, विशाखा," अश्वजित परत येत म्हणाला. "मिलिटरीच्या गाड्या यायल्यात मागून. काय तमाशा लावलायस?"

"तुमाला बघितलं तेवढं आमाला बघू द्या. सरका."

तो सरकला. मी आणि बुद्धप्रियाने आत्याबाईंना दोन्ही दंडांना धरून उतरवलं. गाडीच्या मागे एका खडकाला लागून आम्ही घोंगडी धरली. एक टोक माझ्या हातात, एक पोरीच्या, आणि वाऱ्याने ती अशी फडफडायला लागली की दोघींनी दातात काठ धरला. लष्कराचे ट्रक एकामागून एक गेले. आत्याबाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. होईना. एवढा वेळ दाबून धरलेलं अंग आता सोडायला तयार नव्हतं.

"बस गं माय, निवांत," दातातला काठ सुटून माझ्या तोंडून निघालं. आत्याबाईंना मी कधी माय म्हटलं नव्हतं. "आमी हावोत. सावकाश होऊ दे."

बऱ्याच वेळाने झालं. त्या हुंदके देत बसून होत्या आणि माझी पोरगी दातात काठ धरून ढसाढसा रडत होती.

उठल्यावर त्यांनी बाटलीच्या पाण्याने हात धुतले, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग समोर वर जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. दोन वळणं दिसत होती, तिसरं ढगात. आपण आता खाली जाणार आणि पुन्हा इकडे कोणी आपल्याला आणणार नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

"इथूनच करते वंदना," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पायातल्या चपला काढायला वाकले तसं त्यांनी मला थांबवलं. "इथं नको गं. घाण केली म्या इथं. जरा पुढं ने."

म्हणून मी त्यांना पुढे नेलं. कठड्यापाशी त्या थांबायला लागल्या, तर तिथे दगडांवर अश्वजितचा ओघळ अजून ओला होता. आणखी पुढे नेलं. मामा आणि अश्वजित पाठमोरे उभे होते, त्यांच्याही पुढे.

तिथे त्या अनवाणी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि ढगाकडे तोंड करून हात जोडले. त्रिशरण म्हणताना शेवटी दम तुटला. बुद्धप्रिया पुढचं म्हणायला लागली तर त्यांनी हाताने तिला गप्प केलं, कमरेवर हात ठेवून श्वास गोळा केला आणि राहिलेलं स्वतःच म्हटलं.

मग गाडीत बसून माझ्यापुढे हात केला.

"आण ती गोळी. आन् पाणी दे, भरून."