झुकत्या हाताची परीक्षा

वडवणीच्या सरकारी दवाखान्यात पुड्या बांधणारा उत्तरेश्वर हा पिढीजात मापारी. आठवडी बाजारात धान्य मोजायचं काम त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. वडील भगवानराव मापाला बसले की पायलीवर ज्वारीचं शिखर चढायचं आणि वर आणखी एक मूठ पडायची. ‘माप झुकतं, तर मान ताठ’ असं ते म्हणायचे. कमी मापणारा माणूस त्यांच्या लेखी चोराच्याही खालचा. उत्तरेश्वर दहाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून मापत आला होता, तेव्हा त्याचा हात कसा वळलेला असेल ते सांगायला नको.

पण सरकारी कारभार उर्दूत चालायचा आणि त्याला थोडं उर्दू लिहितावाचता येत होतं, म्हणून डॉक्टरसाबांनी त्याला दवाखान्यात घेतलं, आणि गडी तिथं असा रमला की बाजाराकडे वळून बघेना. हिवतापानं कुडकुडत आलेला माणूस आठ दिवसांनी दात काढत दारात उभा राहिला की उत्तरेश्वरला आपणच त्याला बरं केल्यासारखं वाटे. थोडंफार खरंही होतं ते.

अशात वरून हुकूम आला. नवं फसली, म्हणजे सरकारी, साल लागलं की सनद नसलेल्या माणसानं औषधाला हात लावायचा नाही. परीक्षा बीडला, महिन्याभरानं. पास झाला तर उत्तरेश्वर कम्पाउंडर, नाही तर आहेच बाजार आणि पायली. त्याला दोन दिवस भाकर गोड लागेना.

डॉक्टरसाब मोठ्या मनाचे. दुपारी रोगी ओसरले की ते पाटी घेऊन बसायचे.

“मोठ्या माणसाला दहा ग्रेन कोयनेल. मग सहा वर्षांच्या लेकराला किती?”

कोयनेल म्हणजे हिवतापावरचं क्विनीन, आणि ग्रेन म्हणजे गुंजेच्या साधारण निम्मा. हिशेबाची रीत अशी, की लेकराच्या वयात बारा मिळवायचे आणि त्या बेरजेनं वयाला भागायचं. सहाला अठरानं भागलं की तिसरा हिस्सा. उत्तरेश्वरनं ते तोंडीच केलं आणि छाती काढून सांगितलं, “चार!”

“दहाचा तिसरा हिस्सा चार?”

“तीन आन् वर जरासं येतंय, साब. पर लेकराला काय कोरून द्यायचं? चार घ्या की!”

डॉक्टरसाबांनी कपाळावर हात मारला. “अरे मियाँ, ही दवा हाय, जवारी न्हाई! जास्त गेलं तर लेकराचे कान वाजतील, उलट्या होतील, जीवावर बेतंल!”

उत्तरेश्वर कान पकडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गणित चुकत नव्हतं, हात चुकत होता. पाटीवर अचूक आलेलं उत्तर तराजूपाशी जाईपर्यंत वाढलेलं असायचं. पुड्या मोजतानाही तो “लाभ, दोन, तीन” अशाच मोजायचा, कारण मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. डॉक्टरसाब लाभाला हसायचे, पण वर पडणाऱ्या चिमटीला नाही.

शेवटी मामला त्याच्या बायकोनं हातात घेतला. शिवकन्या तलवाड्याच्या किराणा दुकानदाराची लेक. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण दाराआडून ऐकून पावकी, निमकी, औटकी असले अपूर्णांकांचे सगळे पाढे तिला तोंडपाठ होते. भाकरी थापता थापता ती साडेतीनचा पाढा असा म्हणायची, की भाकरी फुगायची आणि नवऱ्याचं तोंड बारीक व्हायचं.

दवाखान्यातला जुना तराजू डॉक्टरसाबांकडून मागून आणला होता. शिवकन्येनं नव्वद ग्रेन ज्वारीचं पीठ मोजून त्याच्यापुढं ठेवलं.

“बारा लेकरं तापानं पडलीत. बांधा पुड्या.”

“साडेसात, साडेसात,” असं घोकत उत्तरेश्वर बसला. तो पुडी बांधायचा आणि ती नाव द्यायची, ही सिदूची, ही बद्रीनाथची, ही भारतची. प्रत्येक पुडीत पीठ पडलं, तराजू सरळ झाला, आणि प्रत्येक वेळी बोटांनी आपसूक एक चिमूट वर सोडली. अकरा पुड्या झाल्या. बाराव्या कागदावर दोन ग्रेन पीठ उरलं.

“आन् ही कुणाची?” शिवकन्येनं विचारलं.

“राह्यलेल्याची.”

“म्हंजे सावत्र लेकराची?”

उत्तरेश्वर हसला. ती हसली नाही.

“अवो, बाजारात तुमी वरची मूठ टाकता, तवा म्होरं रास असती. शेतकरी राजीखुशीनं देतो. हितं रास कुठं हाय? अकरांना वर टाकलं ते ह्या बाराव्याच्या तोंडातलं हाय. त्यो तापानं मेला तर त्याच्या आईला काय सांगताव, आमचा हात लई मोठा हाय म्हनून?”

आपल्या हाताचा ज्याला अभिमान, त्याला त्या हाताची पहिल्यांदा लाज वाटली. त्यानं अकराही पुड्या सोडल्या, पीठ एकत्र केलं आणि पुन्हा बसला. त्या दिवसापासून शिवकन्या पळी घेऊन समोर बसायला लागली. चिमूट सुटली की मनगटावर पळी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण म्हणणाऱ्यांनी शिवकन्येची पळी खाल्लेली नसावी.

परीक्षेला बीडला दोघंही बैलगाडीनं गेली. कंकालेश्वराचं दर्शन हे नुसतं निमित्त, तिला घरात चैन पडणार नव्हतं. ती कचेरीबाहेर लिंबाखाली बसून राहिली.

आत एक सडपातळ, चष्मेवाले साहेब होते. उत्तरेश्वरनं बारा पुड्या बांधल्या. साहेबांनी एकेक उलगडून तोलली, बाराही सारख्या भरल्या. त्याला वाटलं, सुटलो.

“ठहरो,” साहेब म्हणाले. “बच्चा सात साल का. बड़े की खुराक दस ग्रेन. बोलो.”

सात अधिक बारा एकोणीस. सात दाहे सत्तर, त्याला एकोणिसानं भागायचं. हा आकडा कुठल्याच पाढ्यात बसेना. पण उत्तरेश्वरनं बोटांवर गाठलंच. “तीन, आन् वर एकोनीसातले तेरा हिस्से.”

“सही. अब तोलो.” साहेबांनी वजनांची डबी पुढं सरकवली. डबीत अर्ध्या ग्रेनपेक्षा लहान वजन नव्हतं. म्हणजे एक तर साडेतीन, नाही तर चार.

उत्तरेश्वरचा हात चारच्या वजनाकडे गेला. बापाची सगळी शिकवण त्या बोटांत होती. पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरातल्या कुणी माणसाला ठरल्यापेक्षा कमी घातलं नव्हतं. हात तिथंच थबकला. मग त्यानं साडेतीनची वजनं पारड्यात ठेवली, तेवढंच औषध घेतलं आणि हात मांडीवर दाबून धरला.

“कम क्यों दिया?”

“साब,” तो म्हणाला. “कमी पडलं तर डाक्टर उद्या वाढवून देतीन. जास्तीचं लेकराच्या पोटातून मला काढता येत न्हाई.”

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. मग लेखणी शाईत बुडवून कागदावर चार ओळी लिहिल्या आणि सही केली.

उत्तरेश्वर बाहेर आला तो कागद वाळवतच. शिवकन्या उठून उभी राहिली. तिला उर्दू वाचता येत नव्हतं, मराठीही नाही, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता.

“काय लिव्हलंय? वाचा.”

त्यानं वाचलं. उत्तरेश्वर वल्द भगवानराव, साकिन वडवणी, कम्पाउंडर, कामयाब.

“आनखी एकदा.”

त्यानं पुन्हा वाचलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि बजावलं, “आता मोठ्यानं. तिकडं गाडीवानाला ऐकू गेलं न्हाई.”