पायरीवरची रेघ

अंगण धुवायचं मशीन बंद करून सासऱ्यांनी पाण्याच्या फवाऱ्याची गन मांडीवर आडवी घेतली आणि नोझलमध्ये अडकलेला कचरा बोटाने काढायला गेले. नळापाशी नळीचा पीळ सोडवत बसलेल्या सुनेला ‘फस्स’ असा आवाज आला. तिने मान वर केली तोवर ते उठून उभे राहिले होते आणि डावा हात त्यांनी काखेत दाबून धरला होता.

“काय झालं, बाबा?”

“काय व्हायचंय? तू पीळ काढ.”

मशीन बंद झालं म्हणून नळीतला जोर संपत नाही. गनचं तोंड जमिनीकडे करून चाप ओढायचा, आत कोंडलेलं पाणी सोडून द्यायचं, मगच नोझलला हात लावायचा. हे सुनेला शिकवलं कोणी? याच गृहस्थांनी. उठता-बसता ऐकवून कान किटवले होते तिचे. नवऱ्याला परगावी नोकरी लागली, सासऱ्यांच्या हाताशी कोणी उरलं नाही, म्हणून ती अंगणं धुवायच्या या धंद्यात पडली, तेव्हापासूनचा हा रोजचा पाठ. दगड मऊ असला तर पांढरं नोझल लावायचं, रुंद फवाऱ्याचं. आधी कोणाच्या नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. फवारा एका जागी थांबू द्यायचा नाही आणि फरशीच्या सांध्यांवर सरळ मारायचा नाही, नाहीतर आतली वाळू उपसून बाहेर येते. लाल नोझलकडे तर बघायचंसुद्धा नाही. त्याची धार दोऱ्याएवढी बारीक, मऊ दगड सरळ कापत जाते. मग ते पेटीत ठेवलंय कशाला, असं तिने एकदा विचारलं होतं.

“गंजक्या लोखंडासाठी,” सासरे म्हणाले होते. “तुझ्यासाठी नाही.”

कौतुक वगैरे तर सोडाच. तिने धुतलेली फरशी ते वाकून, डोळे बारीक करून बघायचे, आणि काही सापडलं नाही की नुसते ‘हं’ करायचे. त्या ‘हं’वर तिने इतके दिवस काढले होते.

आता त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि एका हाताने गन धरून फवारा मारायला लागले. अंगण अर्धं झालं होतं. अर्धा दगड मधासारखा पिवळा उजळला होता, उरलेल्या अर्ध्यावर काळंहिरवं शेवाळ तसंच. अर्धी दाढी करून उठलेल्या माणसासारखं दिसत होतं सगळं. फवारा थरथरत होता. सासऱ्यांचा फवारा थरथरताना तिने कधी पाहिला नव्हता. तिने जाऊन मशीन बंद केलं, त्यांच्या हातातली गन काढून घेतली आणि चाप ओढून उरलेलं पाणी मातीत सोडलं.

“हात दाखवा.”

“मशीन कोणाला विचारून बंद केलंस?”

“आधी हात दाखवा, बाबा.”

त्यांनी हात पुढे केला तो वैतागून, लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसा. तर्जनीच्या मुळाशी एक बारीक ठिपका होता. टाचणी टोचल्यासारखा, बस्स. रक्ताचा थेंबही नव्हता. पण बोट फुगायला लागलं होतं आणि पांढरंफटक पडलं होतं.

“झालं समाधान?”

“मशीन दुरुस्त करणाऱ्याने काय सांगितलं होतं, आठवतंय ना? त्याच्या ओळखीच्या एकाला असाच ठिपका पडला होता, पाणी कातडीखाली शिरलेलं. औषध लावून झोपला तो. बोट गेलंच, वर अर्धा पंजा गेला.”

“त्याला गन धरता येत नसेल.”

तिने त्यांच्या बोटाच्या टोकाला नख लावलं आणि दाबलं. सासरे पायऱ्यांकडे बघत होते. तिने आणखी जोरात दाबलं.

“दाब ना,” ते म्हणाले. “बघत काय बसलीस?”

तिने नख काढलं. बोटावर खोल खूण उमटली होती. त्यांनी ती पाहिली, तिनेही पाहिली.

“हॉस्पिटलात चला,” ती म्हणाली.

“काम संपलं की जाऊ.”

“काम मी संपवते. तुम्ही पुढे व्हा, रिक्षा बोलावते.”

“एकटी? या दगडावर?” ते हसलेच. “हा दगड लोण्यासारखा आहे, पोरी. जरा हात चुकला की जन्माची खूण. आजवर माझ्या हातून कोणाच्या दारात ओरखडा पडलेला नाही. आणि अर्धं काम टाकून मी कधी उठलेलो नाही.”

“हात गेला तर पुढचं काम कशाने करणार आहात?”

“तोंड आवर जरा.”

बोलणं ऐकून घरमालकीण दारात आली. संध्याकाळी तिच्याकडे मुलीच्या सासरचे पहिल्यांदाच येणार होते आणि सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुनेने तिला हात दाखवला, थोडक्यात सगळं सांगितलं. बाई वाकून बघत राहिली. वाईट नव्हती बिचारी. तिला खरोखरच काही दिसत नव्हतं.

“पाणीच लागलंय ना? मलम देते मी. काका, तेवढं आटपा हो, अर्ध्या अंगणात पाहुण्यांना कसं उभं करू?”

“आटपतोच,” सासरे म्हणाले आणि उजव्या हाताने गन मागितली.

सुनेने गन दिली नाही. ती पेटीपाशी गेली, खाली बसली. पांढरं नोझल काढलं, दुसरं बसवलं, खटका नीट लागला की नाही ते ओढून पाहिलं. मग मशीन चालू केलं आणि थेट दारासमोरच्या सगळ्यात वरच्या पायरीपाशी गेली. ही पायरी सासऱ्यांनी सकाळी सगळ्यात आधी, अगदी मायेने धुतली होती. तिने दोन्ही हातांनी गन घट्ट धरली, तोंड दगडाजवळ नेलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली.

पिवळी भुकटी उडाली. पाणी ओघळून गेल्यावर पायरीवर बोटाचं पेर बुडेल एवढी खाच राहिली होती.

मालकीण धावत पायरीपाशी आली. तिचं तोंड सुरू झालं ते थांबेना. डोळे फुटले होते का, कोणी सांगितलं होतं यांना बोलवायला, आता पाहुण्यांना काय तोंड दाखवू. सून खाली मान घालून ऐकत होती. बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिने गन खाली ठेवली नाही.

“चालते व्हा,” बाई शेवटी म्हणाली. “दोघंही. आत्ताच्या आत्ता.”

सासरे त्या रेघेकडे बघत उभे होते. माणूस गेल्याचं कळल्यावर लोक बघतात तसं. सुनेने मशीन आपल्या गाडीत चढवलं, नळी तशीच ओली कोंबली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. ते बसले. आता थांबायला काही कारणच उरलं नव्हतं.

सून गाडी चालवत होती, ते समोरच्या काचेतून बघत राहिले. हात मांडीवर उताणा पडला होता आणि सूज मनगटाकडे सरकत होती.

“लाल होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“बघून लावलंस?”

तिने गियर बदलला.

हॉस्पिटलात डॉक्टरबाई आधी नर्सशी बोलता बोलताच हात बघायला लागली. मशीनच्या पाण्याने झालंय हे सुनेच्या तोंडून ऐकल्यावर तिचं बोलणं थांबलं. कधी झालं, पाण्यात साबण होता का, शेवटचं कधी खाल्लं, हे तिने भराभर विचारून घेतलं.

“हात उघडून आतून धुवावा लागेल. आत्ताच. बोटाचं आज काही सांगता येणार नाही. पण उद्यावर टाकलं असतं तर मी हाताचंही सांगू शकले नसते.”

त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. सून उशाशी उभी होती तोच तिचा फोन वाजला. मालकिणीचा होता. ती तो बंद करणार, एवढ्यात सासऱ्यांनी चांगला हात पुढे केला.

“दे इकडे.”

“राहू द्या, बाबा. मी बोलते नंतर.”

“दे म्हणतो ना.”

फोन त्यांनी कानाला लावला. पलीकडचा आवाज सुनेलाही ऐकू येत होता. ती पोरगी पुन्हा कोणाच्या अंगणात पाऊल टाकणार नाही, मी गल्लीभर सांगणार आहे, असं काहीसं चाललं होतं. सासऱ्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

“नोझल मी लावून ठेवलं होतं, बाई,” ते म्हणाले. “हाताला कळत नव्हतं, चुकीचं लागलं. रेघ माझ्यामुळे पडली. हो, माझ्यामुळेच. पायरी बदलून देईन मी. गल्लीत सांगायचं तर माझं नाव सांगा.”

मग हात तिचाच चुकला ना, असं पलीकडून आलं. नर्स स्ट्रेचर हलवायला थांबली होती.

“नाही, तिच्याकडून नाही,” सासरे म्हणाले. “सुनेचा हात चुकत नाही.”